आवाज कानात नाही, मेंदूत मोठा होतो

रात्री दिवे बंद झाले की डॉर्मिटरीत थोडा वेळ पंख्यांची घरघर ऐकू येते. मग ती ऐकू येईनाशी होते. पंखे तर सकाळपर्यंत फिरतच असतात. म्हणजे पंखे थांबत नाहीत, आपला मेंदू त्यांच्याकडे लक्ष देणे थांबवतो. नव्याने आलेल्या सहावीच्या मुलांना विचारा. पहिल्या आठवड्यात त्यांना रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न, पहारेकऱ्याची शिट्टी, शेजारच्या खाटेची कुरकुर सगळे ऐकू येते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यातले काहीच ऐकू येत नाही. याला सरावणे म्हणतात. हे काम मेंदू आपल्याला न विचारता करतो, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही.

काही माणसांच्या मेंदूत हे काम नीट होत नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे. विषय मी निवडला, कारण माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. या हिशेबाने आपल्या शाळेतल्या प्रत्येक कॅडेटचे नातेवाईक, शेजारी आणि गावातले वर्गमित्र धरले, तर अशी एखादी तरी व्यक्ती प्रत्येकाच्या ओळखीची निघेल.

स्वमग्नता हा शब्द मला पूर्ण पटत नाही. स्वतःत मग्न म्हणजे ज्याला बाहेरचे काही ऐकू येत नाही असा, असे वाटते. माझ्या भावाचे नेमके उलटे आहे. आई स्वयंपाकघरात कुकरला शिट्टी लावते तेव्हाच तो मागच्या अंगणात पळतो. शिट्टी वाजायला अजून दहा मिनिटे असतात. गल्लीच्या टोकाला मोटरसायकल वळली की त्याला ती कोणाची ते कळते. त्याच्यापर्यंत जग पोहोचत नाही असे नाही, ते जरा जास्तच पोहोचते. पण शब्द रूढ झाला आहे, म्हणून मीही तोच वापरतो.

हे नव्याने कळलेले नाही. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. ऑटिझमची ओळख जगाला त्या निबंधाने करून दिली. त्यात त्यांनी नोंदवले आहे की ही मुले मोठ्या आवाजांना आणि हलणाऱ्या वस्तूंना फार घाबरतात. व्हॅक्युम क्लीनर, लिफ्ट, अंडी फेटायचे यंत्र अशा साध्या गोष्टींची त्यांना धास्ती असते. पण कॅनर यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती मला फार हुशारीची वाटते. त्यांच्या लक्षात आले की भीती नुसत्या आवाजाची नाही. तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करते. आमच्या घरी हे रोज होते. भाऊ स्टीलचे ताट फरशीवर आपटत बसतो तेव्हा आजी कानावर हात ठेवते, आणि आजीच्या हातून एक वाटी पडली तर तो रडतो. हे का होते, ते पुढे येईल.

इतके जुने निरीक्षण असूनही डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात ते यायला बराच काळ गेला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली, तेव्हा आवाज, प्रकाश, स्पर्श यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे हे ऑटिझमच्या लक्षणांत प्रथम धरले गेले. २०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तोपर्यंतचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. आयुष्यात कधी ना कधी आवाज असह्य होण्याचा त्रास झालेले स्वमग्न लोक सुमारे ६० टक्के निघाले, आणि सध्या त्रास असलेले ४० टक्क्यांच्या थोडे वर. निम्म्याहून अधिकांना होणारा त्रास सत्तर वर्षे पुस्तकाबाहेर राहिला, याचे मला नवल वाटते.

आता आवाजाचा रस्ता पाहू. बाहेरची हवा कंप पावते, पडदा हलतो, तीन लहान हाडे तो कंप आत पोहोचवतात आणि शंखाकृती कॉक्लियात केसांच्या पेशी त्याचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात. इथवरचे दहावीच्या पुस्तकात सापडेल. पुढचा रस्ता मात्र लांब आहे. संदेश श्रवण-मज्जातंतूने मेंदूच्या देठात जातो. तिथे दोन-तीन ठाणी लागतात. एका ठाण्यावर दोन्ही कानांचे संदेश जुळवून आवाज कोणत्या बाजूने आला ते ठरते. त्यावरच्या ठाण्याचे नाव इन्फिरिअर कॉलिक्युलस. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिथून संदेश थॅलॅमसमध्ये आणि मग कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या श्रवण-कॉर्टेक्समध्ये जातो. एक फाटा अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाकडे जातो. हा भाग धोका ओळखतो. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये पहिली गोळी सुटली की आपण विचार करण्याआधीच दचकतो. तो दचका मात्र खालच्या देठातूनच निघतो, वरच्या कॉर्टेक्सला विचारायला कोणी थांबत नाही.

या रस्त्याची तपासणी करता येते. डोक्याला इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक वाजवतात आणि देठातून निघणाऱ्या पाच लहरी कागदावर मोजतात. या सगळ्याला एका टिकटिकीमागे दहा मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. बेरा चाचणी म्हणतात ती हीच. भाऊ तीन वर्षांचा असताना त्याची झाली. हाक मारली तर वळून बघत नाही, म्हणून एका डॉक्टरांनी तो बहिरा असावा असे सांगितले होते. आईने त्यांना विचारले, मग मिक्सर लावला की हा घर सोडून का पळतो? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. चाचणीत पाचही लहरी व्यवस्थित आल्या. कान ठीक होते. पप्पा तेव्हा फील्डवर होते, आईने त्यांना फोनवर एवढेच सांगितले, "ऐकू येतंय." त्या दिवशी घरात पेढे वाटले. खरा प्रश्न नंतर सुरू झाला.

कान ठीक असतील तर आवाज मोठा कुठे होतो? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शुलामाइट ग्रीन, मिरेला डाप्रेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी मुलांना एमआरआय यंत्रात झोपवले, कानात रहदारीचा आवाज लावला आणि हातावर बोचरे लोकरीचे कापड घासले. त्रास होईल, पण फार नाही, असे. साध्या मुलांच्या मेंदूत सुरुवातीला हालचाल दिसली आणि थोड्या वेळाने ती ओसरली. पंख्यासारखेच. ज्या स्वमग्न मुलांना आवाज-स्पर्शाचा जास्त त्रास होतो, त्यांच्या अमिग्डालात आणि संवेदनांच्या भागांत ती ओसरत नव्हती. पहिल्या वेळी जेवढी, तेवढीच पुढेही. आणि स्वमग्न मुलांतही ज्यांना असा त्रास कमी होता, त्यांच्या कपाळामागचा भाग अमिग्डालाला आवरताना दिसला. म्हणजे सगळी स्वमग्न मुले सारखी नाहीत. काहींच्या मेंदूने आपली वाट काढलेली असते.

जपानमध्ये हिदेतोशी ताकाहाशी यांच्या गटाने दचकण्याचाच अभ्यास केला. डोळ्याची पापणी किती जोरात मिटते ते स्नायूवर इलेक्ट्रोड लावून मोजले. ६५ ते ८५ डेसिबलच्या आवाजांनाही स्वमग्न मुले इतरांपेक्षा जास्त दचकली. ६० डेसिबल म्हणजे साधे बोलणे. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते हे भौतिकशास्त्रात आपण शिकलो, पण इथे आकडा फार मोठा नाही, तरी शरीर गोळी सुटल्यासारखे वागते. गंमत म्हणजे त्यांचा दचका मोठा असूनही तो सुरू व्हायला किंचित उशीर होत होता.

का होते यावर एकच उत्तर नाही. सर्वांत जास्त चर्चा होते ती अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकच्या कल्पनेची. मेंदूत काही पेशी पुढच्या पेशीला चेतवतात आणि काही तिला आवरतात. आवरणाऱ्या पेशी गाबा नावाचे रसायन वापरतात. २००३ साली जॉन रुबेनस्टाइन आणि मायकेल मर्झेनिक यांनी मांडले की ऑटिझमच्या काही प्रकारांत हा तोल चेतवण्याकडे झुकलेला असतो. ब्रेक ढिले असले तर छोटा धक्कासुद्धा लांबपर्यंत जातो. ही कल्पना मांडून वीस वर्षे होऊन गेली. ती सगळ्यांना लागू पडत नाही, पण अनेक प्रयोगशाळा अजून तिच्याच आधाराने काम करतात.

त्यांतल्या काही प्रयोगशाळा आपल्या बेंगळुरूमध्येच आहेत. बल्लारी रस्त्यावर कृषी विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस आहे. आपण सहलीच्या बसने विमानतळाच्या बाजूला जाताना त्याच्या जवळून जातो. तिथे सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत फ्रॅजाइल एक्स या आजाराचा अभ्यास झाला. एक्स गुणसूत्रावर एफएमआर१ नावाचे जनुक असते. त्यात सी, जी, जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ती २०० पेक्षा जास्त वेळा आली की जनुक बंद पडते आणि एक आवश्यक प्रथिन तयार होत नाही. हे जनुक १९९१ साली सापडले. एकाच जनुकामुळे येणाऱ्या ऑटिझमच्या माहीत असलेल्या कारणांत हे सर्वांत जास्त आढळते. या मुलांना आवाजाचा त्रास फार असतो. २०१० साली चटर्जी आणि न्यूयॉर्कचे एरिक क्लान यांच्या गटांनी मिळून हे जनुक बंद केलेल्या उंदरांच्या अमिग्डालात, म्हणजे त्याच बदामाएवढ्या भागात, पेशींच्या जोडण्यांमधले दोष दाखवले. एका औषधाने त्यांतला काही दोष पूर्ववत झाला, काही झाला नाही. जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात जेम्स क्लेमेंट यांचा गट सिनगॅप१ या दुसऱ्या जनुकावर काम करतो. तेही जोडण्या केव्हा पक्क्या होतात याच्याशी निगडित आहे.

जनुक बंद केलेल्या या उंदरांना मोठा अलार्म ऐकवला की ते पिंजऱ्यात सैरावैरा धावतात आणि त्यांना झटके येतात. साध्या उंदरांना येत नाहीत. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले ठाणे आता येते. २०१९ साली अमेरिकेत एका गटाने मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत हे जनुक बंद करून पाहिले. फक्त वरच्या कॉर्टेक्सच्या पेशींत बंद केले तर झटके येत नव्हते. झटके येण्यासाठी इन्फिरिअर कॉलिक्युलसमध्ये ते बंद असणे आवश्यक होते. म्हणजे गडबड वरच्या मुख्यालयात नाही, वाटेतल्या चौकीवर. निदान उंदरांत तरी.

निदान उंदरांत, हे शब्द मी मुद्दाम लिहिले. याच उंदरांवर चांगली ठरलेली औषधे माणसांवर तपासली गेली. मॅव्होग्लुरंट नावाच्या औषधाकडून फार आशा होती. फ्रॅजाइल एक्सच्या रुग्णांवर मोठ्या चाचण्या झाल्या, गोळीत औषध नसलेल्या गटापेक्षा फरक दिसला नाही आणि २०१४ साली कंपनीने ते काम थांबवले. आईला कोणीतरी फोनवर सांगते की अमुक औषधाने ऑटिझम बरा होतो. तेव्हा मला ही गोष्ट सांगावी लागते. आवाजाच्या त्रासावर आज कोणतेही सिद्ध झालेले औषध नाही.

आता कॅनर यांचे कोडे. स्वतः ताट आपटले तर चालते, दुसऱ्याने वाटी पाडली तर चालत नाही. मला सर्वांत पटलेले उत्तर पवन सिन्हा यांचे आहे. ते आयआयटी दिल्लीत शिकले, एमआयटीत शिकवतात, आणि जन्मांध मुलांना दृष्टी देणारा प्रोजेक्ट प्रकाश त्यांनीच सुरू केला. २०१४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडले की ऑटिझममध्ये मूळ अडचण पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्याची असू शकते. आपला मेंदू सतत अंदाज बांधतो. अंदाज बरोबर आला की तो आवाज दाबून टाकतो, कारण त्यात नवे काही नसते. स्वतःच्या हाताने केलेल्या आवाजाचा अंदाज तर हात हलवतानाच मिळालेला असतो, म्हणून तो प्रत्येकालाच लहान वाटतो. ज्याला बाहेरच्या जगाचा अंदाज लागत नाही, त्याला दिवसातली शंभरावी शिट्टीसुद्धा पहिली वाटते. त्याला फक्त स्वतःचा आवाज ओळखीचा असतो.

हे वाचताना मला ड्रिल आठवले. उस्ताद "परेड" म्हणतात, थांबतात, मग "सावधान" म्हणतात. पहिला शब्द अंदाजासाठी आणि दुसरा कृतीसाठी. मधला तो क्षण नसता तर शंभर पाय एकत्र आपटले नसते. आईने हे शास्त्र न वाचताच शोधून काढले आहे. ती मिक्सर लावण्याआधी मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणते. भाऊ अजूनही कान झाकतो, पण पळत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लंडनच्या अ‍ॅना रेमिंग्टन यांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका संवादाकडे लक्ष द्यायला सांगून मागे हळूच एक विचित्र वाक्य वाजवले. इतर बहुतेकांना ते ऐकूच आले नाही. स्वमग्न लोकांपैकी कितीतरी जास्त जणांनी ते पकडले, आणि मूळ काम बिघडवलेही नाही. त्यांचे म्हणणे असे की यांची आवाज झेलण्याची क्षमताच मोठी असते, म्हणून गोंगाटात जास्त काही आत शिरते. हे मला लिसनिंग पोस्टवरच्या जवानासारखे वाटते. रानात रात्री तोच माणूस उपयोगी, लग्नाच्या मांडवात त्याचेच हाल.

पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आवाज कमी करणारे हेडफोन मुलाला जरूर द्यावेत, पण दिवसभर नाही. २००३ साली क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी लोकांना दोन आठवडे कानात बोळे घालायला लावले आणि काहींच्या कानाला मंद सळसळीचा आवाज देणारे यंत्र लावले. दोन आठवड्यांनी बोळेवाल्यांना साधे आवाज जास्त मोठे वाटू लागले आणि सळसळवाल्यांना कमी. आवाज कमी मिळाला की मेंदू आपला व्हॉल्यूम स्वतःच वाढवतो. म्हणून हेडफोन दिवाळीला, वरातीला, बसस्थानकावर. घरी काढून ठेवावेत. मुलाला प्रथम कुठे दाखवावे असे कोणी विचारले तर बेंगळुरूत निमहान्सचा बाल मानसोपचार विभाग आहे आणि म्हैसूरला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता धरलेली आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर शाळेत सवलतीही मागता येतात. फौजी कुटुंबांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. नव्या गावात नवी शाळा, नवी गल्ली, नवे आवाज. कागद जवळ असले तर निदान तेवढे तरी पुन्हा करावे लागत नाही.

या वर्षी क्रीडा दिनाला आई भावाला बेळगावहून आणायचे म्हणते आहे. मागच्या दोन वर्षी ती एकटीच आली, त्याला आजीजवळ ठेवून. त्याने मला गणवेशात मार्च करताना अजून पाहिलेले नाही. आपल्या बँडमध्ये बेस ड्रम आहे, आणि मी त्याच्यापासून तिसऱ्या ओळीत असतो. मी हाउस मास्टर सरांना विचारले. त्यांनी सांगितले की हॉकी मैदानाच्या पलीकडे झाडांखाली दोन खुर्च्या ठेवता येतील, तिथून मैदान दिसते आणि स्पीकरची तोंडे दुसरीकडे असतात. बँड मास्टरांनी तालमीचे रेकॉर्डिंग करू दिले. ते मी आईला पाठवले आहे. ती ते रोज संध्याकाळी लावते, आधी अगदी हळू, दर दोन दिवसांनी जरासे मोठे. कार्यक्रमाचा कागदही पाठवला आहे. त्यात बँड किती वाजता सुरू होतो, धावण्याच्या शर्यतींना पिस्तूल किती वेळा उडते आणि टाळ्या कुठे पडतात हे मी मिनिटांसह लिहिले आहे. पिस्तुलाच्या जागी शिट्टी वापरता येईल का, याचे उत्तर क्रीडा शिक्षकांकडून यायचे आहे. काल आईचा फोन आला. तो आता चौथ्या पायरीच्या आवाजावर आहे आणि ड्रम सुरू व्हायच्या आधी स्वतःच "एक, दोन, तीन" म्हणतो.